खाडीतला खेकडा नोंदवायला माणसे हवीत

देवगाव फाटा (जि. परभणी), वार्ताहर :

सेलू तालुक्यातल्या या फाट्यावरून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. भरती-ओहोटी हे शब्द इथल्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकातूनच भेटतात. खेकडा मात्र इथे परका नाही. दुधनेच्या काठावर, पाटाच्या कडेला, विहिरीच्या कपारीत आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर चक्क रस्त्यावर तो दिसतो. दिसला की मुले काडी घेऊन मागे धावतात, मोठी माणसे बांधाला भोके पाडतो म्हणून त्याला शिव्या घालतात आणि काही घरी त्याचा रस्सा होतो. एवढ्यावर आपला आणि त्याचा संबंध संपतो. तो कोणत्या जातीचा, कुठे कुठे आढळतो, पूर्वीइतकाच आहे की कमी झाला, हे लिहून ठेवण्याचे काम आपले आहे असे कोणाच्या मनात येत नाही.

कोकणातल्या खाड्यांच्या आणि मुंबईच्या किनाऱ्याच्या बाबतीत हे काम गेल्या काही वर्षांत सर्वसामान्य माणसांनी हाती घेतले आहे. खाडीतल्या चिखलात, खारफुटीच्या मुळांत आणि खडकांच्या खाचांत राहणाऱ्या प्राण्यांची छायाचित्रे काढायची, ठिकाण आणि वेळ नोंदवायची आणि ती माहिती जगातल्या जाणकारांपुढे ठेवायची, अशी ही पद्धत आहे. पदवी लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो एक भ्रमणध्वनी, थोडा संयम आणि चिखलात पाय घालायची तयारी. ही हाक शहरी वाचकांना आहेच. मराठवाड्यातल्या वाचकांनी ती का ऐकावी, याचाही विचार पुढे केला आहे.

नोंद नसली की काय होते

नोंदींचे महत्त्व सांगायला २०१९ सालची एक घटना पुरेशी आहे. त्या वर्षी २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि झोपेतली माणसे वाहून गेली. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी धरण फुटण्याचे खापर खेकड्यांवर फोडले. त्यावर राज्यभर संताप उसळला, थट्टाही झाली. काही आंदोलकांनी तर जिवंत खेकडे पोलिस ठाण्यात नेऊन त्यांना अटक करा अशी मागणी केली.

थट्टा बाजूला ठेवली तर एक प्रश्न उरतो. गोड्या पाण्यातले खेकडे मातीच्या बांधात बिळे करतात, हे कोणताही शेतकरी सांगेल. पण धरणाच्या भरावाला त्यामुळे धोका होता की नव्हता, हे ठरवायचे तर त्या भरावावर बिळे किती होती, किती खोल होती, आदल्या वर्षीपेक्षा वाढली होती का आणि ती खेकड्यांचीच होती का, याची आधीपासूनची नोंद हवी. अशी नोंद हाताशी नसेल तर मंत्र्याचे विधान आणि आंदोलकाचा विनोद यांच्यात निवाडा करायला साधन उरत नाही. आणि भरावाच्या देखभालीत माणसांनी केलेली हयगय लपवायला खेकड्याइतकी सोयीची पाठ दुसरी कोणती?

दुसरे उदाहरण समुद्राकडचे आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रातून शेकडो टन तेल सांडले आणि वाऱ्या-प्रवाहाबरोबर ते रायगडच्या किनाऱ्यावरील कांदळवनात शिरले. मासळीबाजारात गिऱ्हाईक फिरकेना. तेलाने माखलेली खारफुटीची मुळे सर्वांना दिसली. पण त्या मुळांखालच्या बिळांतले किती खेकडे मेले, कोणत्या जातीचे मेले, पुढच्या वर्षी किती परतले? नुकसान मोजायचे तर 'आधी काय होते' हे सांगणारा कागद लागतो. भरपाईच्या दाव्यात कोळ्याची आठवण पुरावा ठरत नाही, तारखेसह असलेली नोंद ठरू शकते.

खाडीवर पूल, जेट्टी, भराव किंवा सागरी रस्ता होणार असेल तेव्हा पर्यावरणीय अहवाल तयार होतो. त्या अहवालात 'येथे विशेष जीवसृष्टी आढळत नाही' असे एक वाक्य लिहायला फार वेळ लागत नाही. ते खोडायला मात्र कोणीतरी त्या चिखलात वर्षानुवर्षे जाऊन पाहिलेले असावे लागते.

जुनी परंपरा, नवे हात

आपल्याकडे खेकड्यांचा अभ्यास नवा नाही. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९५ पासून काही वर्षे भारतीय समुद्रातल्या कवचधारी प्राण्यांवर जी लेखमाला लिहिली, ती आजही अभ्यासकांना उघडावी लागते. मुंबईपुरते बोलायचे तर बोमन फ्रामजी छापगर यांचे नाव घ्यावे लागेल. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाशी निगडित असलेल्या या पारशी सागरी जीवशास्त्रज्ञाने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या सागरी खेकड्यांवर केलेले काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५७ साली प्रसिद्ध झाले. कोणता खेकडा कुठल्या किनाऱ्यावर मिळाला, नर-मादी कशी, अंडी धरलेली मादी केव्हा दिसली, अशा बारकाव्यांचे ते काम आहे. आज मुंबईच्या किनाऱ्यावर खेकडा पाहणाऱ्याला तुलनेसाठी मागे वळून पाहता येते, ते अशा माणसांमुळे.

पण एक छापगर सातशे-आठशे किलोमीटरांच्या किनाऱ्याला पुरे पडत नाहीत. वैतरणा, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, तेरेखोल... नद्यांची मुखे मोजता मोजता बोटे संपतात. प्रत्येक खाडीत खाऱ्या-गोड्या पाण्याचे प्रमाण वेगळे, चिखल वेगळा, खारफुटी वेगळी आणि त्याप्रमाणे खेकडेही वेगळे. एवढे सगळे ऋतूमागून ऋतू पाहायला पगारी शास्त्रज्ञ कुठून आणणार?

ही उणीव भरून काढणारा ठळक प्रयोग मुंबईत २०१७ साली सुरू झाला. प्रदीप पाताडे, सिद्धार्थ चक्रवर्ती आणि अभिषेक जमालाबाद यांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला. ओहोटीच्या वेळी हाजीअली, गिरगाव, जुहू, वांद्रे अशा ठिकाणी लोकांना घेऊन जायचे आणि खडकांतल्या डबक्यांत काय काय आहे ते दाखवायचे, असे त्याचे साधे स्वरूप. ज्या किनाऱ्याला मुंबईकर घाण, काळा आणि मेलेला समजत होता, तिथे प्रवाळ, समुद्रगोगलगायी, अष्टपाद आणि नाना तऱ्हेचे खेकडे निघाले. फिरायला आलेल्यांनी काढलेली छायाचित्रे 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर चढवली गेली आणि बघता बघता शेकडो जातींची यादी उभी राहिली. सागरी किनारा मार्गाचा वाद न्यायालयात गाजत असताना मुंबईच्या किनाऱ्यावर जीवसृष्टी आहे हे शहराला ठाऊक झाले होते. वरळी आणि हाजीअली येथील प्रवाळ वसाहती २०२० मध्ये तिथून हलवाव्या लागल्या. हलवणे योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. पण 'तिथे काहीच नाही' असे म्हणण्याची सोय राहिली नव्हती, हे विसरता येत नाही.

नोंद होते कशी

आयनॅचरलिस्टची सुरुवात २००८ साली अमेरिकेतल्या बर्कले येथील विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासप्रकल्पातून झाली. पुढे कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि नॅशनल जिऑग्राफिक यांनी तो सांभाळला आणि २०२३ पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. आपल्याकडे 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' हे संकेतस्थळही २००८ पासून अशाच कामासाठी आहे.

कामाची रीत अशी. तुम्ही छायाचित्र चढवता. त्यासोबत तारीख, वेळ आणि ठिकाण असते. हा कोणता प्राणी, हे ठाऊक नसले तरी चालते, 'खेकडा' एवढे लिहिले तरी पुरे. मग जगभरातून कोणीही, त्यात जाणकार प्राध्यापकही आले आणि हौशी निरीक्षकही आले, आपले मत देतात. किमान दोघांचे मत पडले आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक लोकांचे एका जातीवर एकमत झाले की ती नोंद संशोधनयोग्य दर्जाची मानली जाते. अशा नोंदी, नोंदकर्त्याने दिलेली परवानगी अनुकूल असेल तर, पुढे 'जीबीआयएफ' या आंतरराष्ट्रीय माहितीसाठ्यात जातात. तिथून कोणताही संशोधक त्या वापरू शकतो. म्हणजे दाभोळच्या खाडीत रविवारी सकाळी काढलेले एखादे छायाचित्र उद्या जपानमधल्या संशोधकाच्या तक्त्यात एक बिंदू होऊन बसते.

यात त्रुटी आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. नोंदी शहराभोवती दाट आणि आडगावी विरळ होतात. रविवारी जास्त आणि बुधवारी कमी होतात. रंगीत, देखणा प्राणी दहादा नोंदवला जातो, मातकट प्राण्याकडे कोणी बघत नाही. नकाशावर जिथे ठिपके नाहीत तिथे खेकडे नाहीत असा अर्थ कोणी काढला तर तो फसेल. म्हणूनच अभ्यासक एका गोष्टीवर भर देतात. तीच जागा, तोच काळ आणि तीच पद्धत पुन्हा पुन्हा वापरायची. महिन्यातून एकदा त्याच घाटावर, त्याच ओहोटीला जायचे, अर्धा तास पाहायचे आणि जे दिसेल ते लिहायचे. काहीच दिसले नाही तर 'काही दिसले नाही' हेही आपल्या वहीत लिहायचे. ही शेवटची सवय लागायला सर्वात कठीण आहे, कारण रिकाम्या हाताने परतलो हे सांगणे कोणालाच आवडत नाही. पण पुढे घट झाली का, हे कळते ते याच रिकाम्या पानांवरून.

परदेशात अशा सवयीचा फायदा दिसून आला आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 'क्रॅब टीम' नावाचा स्वयंसेवकांचा गट महिन्याच्या महिन्याला ठरलेल्या जागी सापळे लावून खेकडे मोजतो. युरोपातून आलेला उपद्रवी हिरवा खेकडा तिथल्या आतल्या सागरी पट्ट्यात प्रथम सापडला तो २०१६ च्या ऑगस्टमध्ये, सॅन वान बेटावर आणि तो याच स्वयंसेवकांच्या सापळ्यात. नेहमीचे खेकडे रोज पाहणाऱ्या डोळ्यांना नवा खेकडा लगेच खटकला. जगभरातून जहाजे येणाऱ्या आपल्या बंदरांच्या खाड्यांत असे डोळे किती आहेत?

तिथी, पाऊणपट आणि चिखल

खाडीवर केव्हा जायचे, हा पहिला प्रश्न. भरती-ओहोटीचे तक्ते महाजालावर मिळतात. पण कोकणात एक जुना हिशेब आहे आणि तो आजही उपयोगी पडतो. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरतीपासून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे यात पाऊण-एक तासाचा फरक पडतो, पण पंचांग घेऊन बसलेल्या आजोबांना खाडीवर जायला इंटरनेट लागत नव्हते ते या हिशेबामुळे.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि त्याच दिवशी ओहोटीही सर्वात खोल जाते. एरवी पाण्याखाली असलेला चिखलाचा पट्टा तेव्हा उघडा पडतो. मुंबई परिसरात या दिवसांत ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी साडेपाच-सहानंतर येते, म्हणजे कार्यालयात जाणाऱ्यांनाही सकाळची फेरी जमू शकते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे मागे हटत नाही. नवख्याने ते दिवस टाळावेत. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचावे आणि पाणी फिरले की निघावे. खाडीत पाणी पाठीमागून, लहान ओहळांतून वर चढते. समोर कोरडे दिसत असताना परतीची वाट बुडालेली असू शकते. एकट्याने जाऊ नये. गावातल्या कोळी बांधवाला सोबत घेतल्यास सुरक्षितता मिळते आणि ज्ञानही, आणि त्याचा वेळ जातो हे लक्षात ठेवून त्याला मोबदला द्यावा.

काय पाहायचे

खाडीच्या तोंडाशी वाळू असेल तर प्रथम दिसतील वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या बिळाभोवती किरणांसारख्या पसरलेल्या असतात. नखाएवढे खेकडे वाळूतले अन्न चाटून उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतात. भरती आली की सगळे पुसले जाते आणि पुढच्या ओहोटीला नव्याने मांडले जाते. वाळूच्या कोरड्या भागात मोठी, तिरपी बिळे असतील तर ती भूतखेकड्याची. तो रात्री बाहेर पडतो आणि तिरका इतक्या वेगाने पळतो की डोळ्यांना धोका झाला असे वाटते. त्याला पकडण्याची गरज नाही. एक मीटर लांब-रुंद चौकोन आखून त्यातली ताजी बिळे मोजली तरी ती उपयुक्त नोंद आहे. किनाऱ्यावरची वर्दळ आणि वाहने वाढली की या बिळांची संख्या घटते, असे जगभरच्या अभ्यासांत दिसले आहे. मात्र एक बीळ म्हणजे एक खेकडा, असा हिशेब करू नये.

चिखल सुरू झाला की सारंगी खेकडे. नराची एक नांगी अंगाएवढी मोठी आणि रंगीत, दुसरी चिमुकली. मोठी नांगी तो वर-खाली हलवत राहतो. मादीला बोलावणे आणि दुसऱ्या नराला दूर ठेवणे ही दोन्ही कामे त्या एका हाताने होतात, खायचे काम बिचारी लहान नांगी करते. मादीच्या दोन्ही नांग्या लहान असल्याने तिचे घास दुप्पट. हालचाल केली की सगळे एका क्षणात बिळात. दहा मिनिटे स्तब्ध उभे राहिले की एकेक डोळा देठावरून वर येतो. शहरी माणसाला दहा मिनिटे न हलता उभे राहणे हीच मोठी परीक्षा आहे.

तिवरांच्या मुळांत पानखाऊ खेकडे असतात. गळलेली पाने ते बिळात ओढून नेतात. त्यांच्या बिळांमुळे घट्ट, काळ्या चिखलात हवा आणि पाणी खेळते आणि पानांतले पोषण जमिनीत राहते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि २०१२ मध्ये राज्याने कांदळवन कक्ष स्थापला, तेव्हापासून झाडांकडे लक्ष गेले आहे. झाडांखालचा हा मजूरवर्ग मात्र अजून कोणाच्या फारसा हिशेबात नाही.

आणि मग चिंबोरी. मालवणीत कुर्ली. बाजारात सर्वाधिक भाव मिळवणारा खाडीतला हा खेकडा ओळखण्यात शास्त्रज्ञांचाही दीर्घकाळ घोळ झाला होता. या कुळातल्या खेकड्यांची १९९८ साली फेरमांडणी होऊन चार जाती निश्चित झाल्या. त्यांपैकी आपल्याकडे मुख्यतः दोन दिसतात. पहिली मोठी, सायला सेराटा : कपाळावरचे दात उंच, नांगीच्या मनगटावर दोन ठळक काटे आणि सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी. दुसरी तुलनेने लहान, सायला ऑलिव्हेशिया : कपाळाचे दात बुटके व गोलसर, मनगटावरचे काटे झिजल्यासारखे, नांग्या तांबूस आणि नक्षी जवळजवळ नाहीच. जुन्या अहवालांत या दुसरीलाही 'सेराटा' म्हटलेले आढळते. म्हणजे जुने आकडे वाचताना कोणत्या चिंबोरीविषयी बोलणे चालले आहे, हेच ठरवावे लागते. ज्याला चिंबोरीपालनाचा व्यवसाय करायचा आहे त्याला हा फरक पैशांत मोजावा लागतो, कारण दोन्हींची वाढ सारखी नाही.

मासळीबाजार ही खेकडे पाहण्याची दुसरी उत्तम जागा, आणि तिथे चिखल नाही. पाठीवर पांढऱ्या कडांचे तीन लालसर ठिपके असलेला, पाठीवर क्रुसासारखी खूण असलेला असे समुद्रातले खेकडे टोपलीत शेजारी शेजारी असतात. क्रुसाच्या खेकड्याची कथा गोव्यात सांगितली जाते ती सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्याशी जोडलेली : वादळात समुद्रात पडलेला त्यांचा क्रूस एका खेकड्याने किनाऱ्यावर आणून दिला, अशी ती आख्यायिका. बाजारातली नोंद करताना खेकडा कुठल्या खाडीतून किंवा बंदरातून आला हे विक्रेत्या बाईंना विचारून लिहावे. नुसते 'दादर बाजार' लिहिले तर दादरला खेकडे राहतात असा समज व्हायचा.

छायाचित्र कसे काढावे

प्रस्तुत वार्ताहराने काढलेली पहिली चार-पाच छायाचित्रे निरुपयोगी ठरली. सगळी वरून, घाईने आणि सावलीत काढलेली. जाणकारांना हवे असते ते वेगळेच. पाठीचे कवच वरून, कपाळ समोरून, दोन्ही नांग्या आणि शक्य झाल्यास पोटाची बाजू. पोटाखाली दुमडलेली झडप अरुंद व टोकदार असेल तर नर, रुंद व गोल असेल तर मादी. झडपेखाली नारिंगी किंवा तपकिरी गठ्ठा दिसला तर ती अंडी. अशी मादी दिसली की तारीख अवश्य लिहावी. शेजारी रुपयाचे नाणे ठेवले की आकार कळतो. पोटाची बाजू पाहण्यासाठी खेकडा उचलावाच असे नाही. मोठ्या चिंबोरीची नांगी बोट मोडू शकते, तेव्हा ते काम माहितगारावर सोडावे. खडक उलटला तर पुन्हा होता तसा ठेवावा. शंख गोळा करू नयेत, कारण शंखात राहणाऱ्या खेकड्याचे ते घर असते आणि कोनशंखासारखा एखादा शंख विषारीही असतो. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे. अशा संरक्षित जागी वनविभागाच्या परवानगीशिवाय आत उतरू नये. ऐरोली येथील जैवविविधता केंद्रात चौकशी केल्यास मार्ग कळतो.

काठावर मेलेल्या खेकड्यांचा खच दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. बहुतेकदा ती टाकलेली कात असते. वाढीसाठी खेकडा जुने कवच मागच्या बाजूने उघडून त्यातून बाहेर पडतो. कात हलकी असते, तिला वास नसतो, आत मांस नसते. तिचे छायाचित्रही जिवंत खेकड्याइतकेच ग्राह्य धरले जाते. खऱ्या मेलेल्या खेकड्यांचा मोठा खच मात्र तातडीने नोंदवावा, त्यामागे प्रदूषण असू शकते.

कात टाकण्यावरून एक घरगुती वाद आठवतो. अमावास्येचे खेकडे भरलेले आणि पौर्णिमेचे पोकळ, असे खवय्ये छातीठोकपणे सांगतात. कात टाकल्यावर काही काळ खेकड्याच्या अंगात पाणीच अधिक असते, हे खरे. पण त्याचा तिथीशी किती संबंध आहे? वर्षभर, प्रत्येक तिथीला, एकाच खाडीतले खेकडे वजन करून लिहिले तर याचा छडा लागेल. कोळीवाड्यात हे काम कोणी हाती घेतले तर खवय्यांचा वाद तरी मिटेल. खेकड्यांची स्थानिक मराठी नावेही या संकेतस्थळांवर जोडता येतात. एका खाडीत ज्याला एक नाव आहे त्यालाच पलीकडच्या तरीवर दुसरे नाव असते. ही नावे वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडी आहेत. ती लिहून घेणे हेही नोंदीचेच काम आहे.

दुधनेकाठचा खेकडा

आता पुन्हा देवगाव फाट्याकडे. खाडीतली चिंबोरी आणि दुधनेतला खेकडा यांच्यात एक मोठा फरक आहे. अंडी घालण्याच्या वेळी चिंबोरीची मादी खाडी सोडून समुद्रात जाते आणि लाखोंच्या संख्येने अंडी देते. त्यांतून निघालेली पिले खेकड्यासारखी दिसतही नाहीत. प्रवाहाबरोबर तरंगत, एकामागून एक रूपे बदलत ती पुन्हा खाडीत येऊन पोचतात. एका खाडीतली पैदास दुसऱ्या खाडीत जाऊ शकते.

गोड्या पाण्यातल्या खेकड्याला ही सोय नाही. त्याची मादी थोडी, मोठी अंडी देते, त्यांतून थेट लहानसा खेकडाच बाहेर येतो आणि काही काळ आईच्या पोटाखाली राहतो. वाहून दूर जाणारे पिलूच नसल्याने हे खेकडे एखाद्या डोंगररांगेपुरते, एखाद्या खोऱ्यापुरते मर्यादित राहतात. एक ओढा सुकला, एक पठार खाणीसाठी खणले गेले, की अख्खी जात जाऊ शकते. जगातल्या गोड्या पाण्यातल्या सुमारे १,२८० खेकड्यांच्या जातींचा आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळपास निम्म्या जातींविषयी 'माहिती अपुरी' असा शेरा मारावा लागला. धोका आहे की नाही, हे ठरवण्याइतकीही माहिती नाही, असा त्याचा अर्थ.

सह्याद्रीत शोधणाऱ्याला काय मिळू शकते, ते २०१६ मध्ये दिसले. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे समीरकुमार पाती यांनी तेजस ठाकरे व अन्य सहकाऱ्यासह महाराष्ट्राच्या पश्चिम घाटातून खेकड्यांच्या पाच नव्या जाती एकाच वेळी जाहीर केल्या. २०२२ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर भागातून आणखी एक दुरंगी जात जाहीर झाली, तिच्या शोधात तर एका वनरक्षकाचा वाटा होता. गस्तीवर असताना वेगळा दिसलेला खेकडा त्याने दुर्लक्षिला नाही.

मराठवाड्याचा सपाट, काळ्या मातीचा प्रदेश घाटाइतका नवलाईचा नसेल. तरी खेकड्याच्या अभ्यासाची परंपरा इथेही आहे. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मराठवाडा विद्यापीठात १९७० च्या दशकात नागभूषणम् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'बॅरिटेलफ्युसा' या आपल्याकडच्या नदी-ओढ्यांतल्या खेकड्यावर केलेले शरीरक्रियेचे संशोधन जगाच्या नियतकालिकांत पोचले होते. प्रयोगशाळेत या खेकड्याच्या ग्रंथींचा अभ्यास झाला. पण तो सेलूत, जिंतुरात, पूर्णेच्या काठी आज कुठे कुठे आहे, धरणाचे पाणी आल्यावर वाढला की घटला, शेतातल्या फवारणीनंतर टिकला का, हे सांगायला पुन्हा गावातले डोळेच हवेत. मृगाच्या पहिल्या पावसानंतरचे दोन आठवडे त्यासाठी सर्वात चांगले. उन्हाळाभर ओलाव्यात दडलेले खेकडे तेव्हा बाहेर येतात. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि मुले तशीही त्यांच्या मागे असतातच. शिक्षकांनी काडीऐवजी वही हाती दिली तर एका पावसाळ्यात तालुक्याचा नकाशा भरू शकेल. पुराच्या पाण्यात मात्र कोणालाही उतरू देऊ नये.

या वार्ताहरानेही दुधनेकाठच्या एका खेकड्याचे छायाचित्र चढवून पाहिले. दोन दिवसांत उत्तर आले, पण ते फक्त प्रजातीपर्यंत. नेमकी जात ठरवण्यासाठी नराच्या झडपेखालचा, प्रजननाचा पायांसारखा अवयव पाहावा लागतो, असे समजावण्यात आले. तो छायाचित्रात नव्हता. खेकडा तर केव्हाच बिळात गेला होता. नोंद त्यामुळे अर्धवट राहिली आहे. पुढच्या पावसात त्याच बिळापाशी पुन्हा जायचे आहे.